चालकुडी नदीवरचं अथिरप्पिल्ली धरण कशामुळे अडलं? (मोजमाप, सुनावणी, ग्रामसभा)

नदीकाठ

सह्याद्रीतल्या उदंचन (पाणी पंपाने वर चढवून पुन्हा खाली सोडून वीज काढायच्या) प्रकल्पांच्या धाग्यांवर एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: "विरोध आहे हे ठीक, पण गावाने नेमकं करायचं काय?" याचं मला माहीत असलेलं सगळ्यात तपशीलवार उत्तर केरळात आहे. त्रिशूर जिल्ह्यातली चालकुडी नदी आणि तिच्यावरचा अथिरप्पिल्ली जलविद्युत प्रकल्प. म्हणून वेगळा धागा काढतोय.

प्रकल्प असा होता. अथिरप्पिल्ली धबधब्याच्या पाच किलोमीटर वर, वाझचालच्या खळाळांच्या जेमतेम ४०० मीटर वर, २३ मीटर उंच आणि ३११ मीटर लांब काँक्रीटचं धरण. साठवण ८.४३ दशलक्ष घनमीटर. तिथून ४.६९ किमी लांब आणि ६.४ मीटर व्यासाच्या बोगद्याने पाणी वीजगृहात न्यायचं आणि धबधब्याच्या खाली कण्णनकुळी ओढ्यातून पुन्हा नदीत सोडायचं. मुख्य वीजगृहात ८० मेगावॅटचे दोन संच, धरणाच्या पायथ्याशी दीड-दीड मेगावॅटचे दोन, एकूण १६३ मेगावॅट. वनजमीन १३८.६ हेक्टर, त्यातली १०४ हेक्टर पाण्याखाली जाणार होती.

आकडे लहान वाटतील. पण जाणार होतं ते नदीकाठचं सखल भागातलं सदाहरित जंगल, आणि पश्चिम घाटात हे सगळ्यात आधी तोडलं गेलेलं असल्यामुळे आता तुकड्या-तुकड्यांत उरलंय. केरळात आढळणाऱ्या चारही जातींचे धनेश याच पट्ट्यात आहेत. नदीत माशांच्या शंभरावर जाती नोंदल्या आहेत. आणि काठावर वाझचाल आणि पोकलप्पारा या कादर आदिवासींच्या वस्त्या. कादर पूर्वी परंबिकुळमच्या खोऱ्यातही होते. तिथल्या धरणांनी त्यांना एकदा हलवलेलं आहे.

कालक्रम नीट पाहा, कारण शिकायचं त्यातच आहे. केंद्राने पहिली पर्यावरण मंजुरी १९९८ मध्ये दिली. लोक उच्च न्यायालयात गेले, २००१ मध्ये न्यायालयाने जनसुनावणी घ्यायला लावली आणि ती २००२ मध्ये झाली. मग नवा परिणाम अहवाल आला, त्यावर २००५ मध्ये दुसरी मंजुरी. ती मार्च २००६ मध्ये न्यायालयाने रद्द केली, कारण ज्या अहवालावर मंजुरी दिली तो लोकांपुढे सुनावणीला ठेवलाच नव्हता. १५ जून २००६ ला पुन्हा सुनावणी, जुलै २००७ मध्ये तिसरी मंजुरी. जानेवारी २०१० मध्ये केंद्राने केरळ राज्य वीज मंडळाला कारणे दाखवा नोटीस काढली. २०११ मध्ये आपल्या माधव गाडगीळांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने प्रत्यक्ष पाहणी करून लिहिलं, की या प्रकल्पाला परवानगी देऊ नये. त्या अहवालाचा फेरविचार करायला नेमलेल्या कस्तुरीरंगन गटाने २०१३ मध्ये ते दार पुन्हा किलकिलं केलं: पाण्याचा नवा हिशेब मांडून अर्ज करता येईल म्हणाले. २०१७ मध्ये मंजुरीची मुदत संपली. २०२० च्या जूनमध्ये राज्य सरकारने पुन्हा परवाने मिळवायला ना-हरकत दिली आणि लोक पुन्हा उभे राहिले. धरण आजही झालेलं नाही.

हा विरोध दोन दशकं टिकला तो तीन गोष्टींवर: पाण्याचे आकडे स्वतः काढले, सुनावणीची कार्यपद्धती पाठ केली आणि वनहक्काचे दावे पूर्ण केले. जाणकारांनी एकेक उलगडून सांगावं.

भीमाकाठची

एक शंका. चालकुडीवर आधीच धरणं आहेत ना? मग तिला वाहती नदी कसं म्हणायचं?

नदीकाठ

ताई, बरोबर आहे. वर सहा धरणं आहेत: तमिळनाडूचं अप्पर शोलयार, केरळ शोलयार, परंबिकुळम, तुणक्कडवू, पेरुवारिपळ्ळम आणि पोरिंगलकुत्तू. परंबिकुळम-आळियार करारानुसार बरंच पाणी पूर्वेला तमिळनाडूत वळवलं जातं, शिवाय पोरिंगलकुत्तूतून पावसाळ्यातलं काही पाणी इडमलयार धरणाकडे जातं. पोरिंगलकुत्तूपासून खाली तुंबूरमुळीच्या बंधाऱ्यापर्यंतचा पट्टा तेवढाच काय तो न अडवलेला आहे, आणि धबधबा, वाझचाल, कादर वस्त्या सगळं तिथेच आहे. तुंबूरमुळीच्या कालव्यांवर सुमारे १४,००० हेक्टर शेती आहे, त्याखाली पिण्याच्या पाण्याच्या योजना. धरणांमधून वाचलेला पट्टा सांभाळणं हेही नदी वाचवणंच.

आणि नेमका याच कारणाने पाण्याचा हिशेब निर्णायक ठरला. वरून पाणी वळवल्यावर खाली किती उरतं, हा प्रश्न चालकुडी पुळा (म्हणजे नदी) संरक्षण समिती आणि नदी-अभ्यासक डॉ. लता अनंता यांनी लावून धरला. लताताई २०१७ मध्ये गेल्या. नदीच्या प्रवाहाच्या नोंदी मागवून, त्या मांडून, शेतकऱ्यांपुढे आणि तज्ज्ञ समितीपुढे एकाच भाषेत ठेवणं ही त्यांची पद्धत होती.

मेगावॅट_मोजा

प्रकल्प अहवाल हातात आला की सगळ्यात आधी दोन आकडे शोधा: स्थापित क्षमता आणि ९० टक्के विश्वासार्ह वर्षातली (म्हणजे शंभरातल्या नव्वद वर्षांत निदान एवढं पाणी येतंच अशा वर्षातली) वार्षिक वीजनिर्मिती. अथिरप्पिल्लीत ते १६३ मेगावॅट आणि २३३ दशलक्ष युनिट होते.

वर्षाचे तास ८,७६०. १६३ मेगावॅट वर्षभर चालले असते तर सुमारे १,४२८ दशलक्ष युनिट झाले असते. २३३ ला १,४२८ ने भागा: १६ टक्के. वर्षाची सरासरी काढली तर प्रकल्प २६-२७ मेगावॅटचाच. सुनावणीत "१६३ मेगावॅटचा प्रकल्प" असं कानावर पडतं, तेव्हा हा भागाकार फळ्यावर मांडून दाखवायचा. दहावीच्या मुलालाही कळतो.

दुसरा हिशेब धबधब्याचा. धबधब्यासाठी सेकंदाला ७.६५ घनमीटर पाणी सोडू, असं मंडळाचं म्हणणं होतं. गुणिले ८६,४०० सेकंद, म्हणजे दिवसाला ६.६ लाख घनमीटर. पूर्ण साठा ८.४३ दशलक्ष घनमीटर, म्हणजे फक्त एवढाच विसर्ग ठेवला तरी भरलेलं धरण तेरा दिवसांत रिकामं. तेव्हा उन्हाळ्यात धबधब्यालाही पाणी आणि संचालाही पाणी हे दोन्ही केवळ वरून येणाऱ्या प्रवाहावर अवलंबून राहतं, आणि तो प्रवाह पोरिंगलकुत्तूचं वीजगृह कधी चालू होतं यावर.

तिसरी गोष्ट लोक विसरतात. हा कमाल मागणीच्या वेळचा प्रकल्प. दिवसभर पाणी धरायचं, संध्याकाळी तीन-चार तासांत सोडायचं. खाली तुंबूरमुळीच्या कालव्याला वीस तास थेंब थेंब आणि चार तास लोंढा मिळणार. रोजची सरासरी तीच राहिली तरी कालव्याचं मुख लोंढा घेऊ शकत नाही, जास्तीचं पाणी बंधाऱ्यावरून वाहून जातं. शेतकऱ्याला नुकसान सरासरीत दिसत नाही, तासातासाच्या आकड्यात दिसतं. अहवालात तासाचे आकडे नसतील तर ते लेखी मागा.

पाणाड्या_नाशिककर

आता नदीवर स्वतः मोजायचं कसं ते. माहिती अधिकारात केंद्रीय जल आयोगाच्या जवळच्या मापन केंद्राच्या दहा-दहा दिवसांच्या नोंदी मागायच्याच (चालकुडीवर हे केंद्र खाली अरंगाली इथे आहे), पण प्रस्तावित धरणाच्या जागी बहुधा कुणीच मोजलेलं नसतं. अहवालात शेजारच्या खोऱ्याचा आकडा क्षेत्रफळाच्या प्रमाणात ताणून लावलेला असतो. त्याला उत्तर म्हणून वर्षभराची आपली नोंद लागते.

जागा: नदी सरळ वाहते असा २० ते ३० मीटरचा तुकडा. डोह नको, खळाळ नको, मधे मोठा दगड नको. दोन्ही टोकांना आडव्या दोऱ्या बांधा. दोरीवर दर मीटरला गाठ, प्रत्येक गाठीखाली खुणा केलेल्या बांबूने खोली मोजा. बांबू प्रवाहात तिरका होतो आणि खोली जास्त दाखवतो, म्हणून तो उभा आहे हे काठावरच्या माणसाने पाहायचं. तळ वाळूचा असेल तर बांबू रुततो. खाली चपटी फळी ठोका.

वेग: तरंगतं काहीतरी सोडा. नारळ बरा, कारण तो बराचसा पाण्यात बुडून राहतो आणि वाऱ्याने ढकलला जात नाही. लिंबू, संत्रंही चालतं. सुकं पान किंवा थर्माकोल नको, वारा वेग चोरतो. वरच्या दोरीच्या दहा मीटर आधी सोडा, म्हणजे दोरीपर्यंत तो पाण्याच्या वेगाला येतो. डावीकडे, मधे, उजवीकडे असे किमान नऊ वेळा सोडा. भोवऱ्यात अडकलेली नोंद टाकून द्या, पण वहीत ती टाकली असं लिहा.

पृष्ठभागाचं पाणी तळापेक्षा जोरात धावतं, म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणायचं, तळ दगडगोट्यांचा असेल तर ०.८ ने.

उदाहरणार्थ: पात्र २४ मीटर रुंद, सरासरी खोली ०.६ मीटर, म्हणजे छेद १४.४ चौरस मीटर. नारळाने २० मीटर ४० सेकंदांत कापले, वेग ०.५, गुणिले ०.८५, म्हणजे ०.४२५. प्रवाह सेकंदाला ६.१ घनमीटर. या पद्धतीत चूक दहा-वीस टक्के सहज असते. ते आपणच आधी लिहून टाकायचं, म्हणजे समोरच्याला ते शस्त्र म्हणून वापरता येत नाही.

रोज नारळ सोडायची गरज नाही. पुलाच्या खांबावर किंवा पक्क्या कातळावर सेंटीमीटरची पट्टी रंगवा. रोज ठरल्या वेळी पातळी वाचा. महिन्यातून दोनदा, वेगवेगळ्या पातळ्यांना, वरची पूर्ण मोजणी. दहा-बारा मोजण्या झाल्या की पातळी आणि प्रवाहाचा आलेख जमतो, मग नुसत्या पातळीवरून प्रवाह काढता येतो. मोठ्या पुरानंतर तळ बदलतो, आलेख नव्याने जमवावा लागतो.

वर वीजगृह असलेल्या नदीवर दिवसातून एकच नोंद घेणं ही सगळ्यात घातक चूक. सकाळी सहाला नदी गुडघाभर, संध्याकाळी सातला कमरेएवढी. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री नऊ अशा चार वेळा तरी हव्यात, आणि प्रत्येक नोंदीपुढे वेळ, पाऊस आणि लिहिणाऱ्याची सही. वर पाणी सोडतात अशा पात्रात एकट्याने उतरू नये. भोंगा कधी वाजतो, पाणी खाली पोचायला किती वेळ लागतो, हे आधी गावातल्या कोळ्यांना विचारून घ्या.

ग्रिड_अभ्यासक

दुसरी बाजूही मांडतो. संध्याकाळच्या मागणीला दहा मिनिटांत चालू होणारी वीज लागते, आणि जलविद्युत त्याला सगळ्यात योग्य. सौरऊर्जा सूर्य मावळला की थांबते. "धरण नको" म्हणणाऱ्यांनी संध्याकाळी सात ते दहाची वीज कुठून येईल याचंही उत्तर द्यायला हवं.

मेगावॅट_मोजा

दादा, मुद्दा खरा आहे आणि सुनावणीत तो येणारच, म्हणून उत्तर तयार ठेवावं. चालकुडीच्या बाबतीत विचारलं गेलं ते हे, की ९० टक्के विश्वासार्ह वर्षात उन्हाळ्यातल्या प्रत्येक महिन्यात किती तास १६० मेगावॅट मिळतील ते दाखवा. मागणी शिगेला पोचते मार्च ते मेमध्ये, नदी आटते तीच. पावसाळ्यात जी वीज मिळणार ती इतर धरणांतूनही तेव्हाच ओसंडून येते. म्हणून वर्षाची बेरीज न मागता महिन्यानुसार आणि तासानुसार तक्ता मागायचा. आधीचे संच नव्याने बसवून, गळती कमी करून, आहे त्या जलाशयांचं वेळापत्रक बदलून किती मिळतं याची तुलनाही अहवालात मागता येते. पर्यायांचं विश्लेषण हा अहवालातला सक्तीचा भाग आहे.

जनसुनावणी_वही

सुनावणीचं मी लिहितो. आधार: २००६ ची पर्यावरण परिणाम अधिसूचना.

सूचना किमान ३० दिवस आधी, एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या वर्तमानपत्रात. मसुदा अहवाल आणि स्थानिक भाषेतला सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि संबंधित पंचायतींत ठेवायलाच हवा. पहिल्याच दिवशी दोघांनी जाऊन तो मागायचा. नसेल तर "उपलब्ध नाही" असं आवक शिक्क्यासह लिहून घ्यायचं. २००६ मध्ये अथिरप्पिल्लीची दुसरी मंजुरी कोसळली ती याच मुद्द्यावर, की खरा अहवाल लोकांना दाखवला नव्हता. तो शिक्क्याचा कागद भाषणापेक्षा जास्त काळ टिकतो.

अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा नसलेला अधिकारी. शेजारी प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रतिनिधी. गणपूर्तीची अट नाही, म्हणून "आपण गेलो नाही तर ती होणारच नाही" हा समज घातक आहे. बहिष्कार टाकलेली सुनावणी कागदावर "शांततेत पार पडली, हरकत नाही" अशी नोंदली जाऊ शकते. चित्रीकरण सक्तीचं आहे. त्याची प्रत मागा. शेवटी कार्यवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं आणि अध्यक्षाने त्याच दिवशी सही करायची. लोक सभा संपली म्हणून उठून जातात आणि हा भाग चुकतो. कमीत कमी पाच जणांनी थांबून, आपला मुद्दा वाचला गेला नाही तर तिथेच हात वर करून सांगायचं.

लेखी हरकतीचा साचा साधा ठेवा: पान क्रमांक, अहवालातलं वाक्य जसंच्या तसं, त्याविरुद्ध आपला पुरावा, मागणी. एका हरकतीत एकच मुद्दा. "पर्यावरणाची हानी होईल" अशी एकसारखी पाचशे पत्रं अधिकारी "एकच हरकत" म्हणून नोंदवू शकतो. "पान ११२ वर या पट्ट्यात नदीवर अवलंबून कुटुंबं नाहीत असं लिहिलंय, सोबत ४१ मासेमार कुटुंबांची यादी जोडली आहे" असं पत्र बाजूला सारता येत नाही. (पान आणि संख्या उदाहरणादाखल.)

वनहक्क_गोंडवन

तिसरं हत्यार वनहक्क कायदा, २००६. महाराष्ट्राला याची उत्तम ओळख आहे, २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला तो देशातल्या पहिल्यांपैकी. वाझचालच्या कादरांनी तोच रस्ता धरला. नऊ वस्त्यांच्या ग्रामसभांनी मिळून २०१४ मध्ये सुमारे ४०० चौरस किमीवर सामूहिक वनसंपत्तीचे हक्क मिळवले. केरळातले ते पहिले. प्रस्तावित धरणाची जागाही त्यातच येते.

करायचं काय: ग्रामसभेने १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडायची, दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे, एक तृतीयांश महिला. कलम ३(१)(झ) चा, म्हणजे सामूहिक वनसंपत्तीचा, दावा नमुना 'क' मध्ये. पुरावे किमान दोन प्रकारचे. ज्येष्ठांचा जबाब पुरावा म्हणून चालतो, तसंच देवस्थान, दफनभूमी, मध काढायच्या जागा, मासेमारीचे डोह यांचा नकाशा. नकाशा काढताना नदी फक्त सीमारेषा म्हणून दाखवण्याची चूक फार होते. मग प्रवाह, डोह, काठ हक्कातून बाहेर राहतात. नदी हद्दीच्या आत घ्या, डोहांची नावं लिहा. कादरांच्या जगण्यात मासे, मध, डिंक आणि नदीच्या वाटा एकमेकांत गुंतलेल्या आहेत, नकाशात ते उमटायला हवं.

ठरावासाठी ग्रामसभेत निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजरांत एक तृतीयांश महिला. इथेच ठराव बाद होतात: सह्या पुरुषांच्याच, किंवा ग्रामपंचायतीची सभा ग्रामसभा म्हणून दाखवलेली. पाड्याची सभा पाड्यावर घ्या, वही वेगळी ठेवा, प्रत्येक पानावर तारीख.

३ ऑगस्ट २००९ च्या केंद्रीय परिपत्रकाने वनजमीन दुसऱ्या कामाला वळवण्याआधी ग्रामसभेची संमती मागितली. ओडिशातल्या नियमगिरीत १८ एप्रिल २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बारा पल्लीसभांनी (गावपातळीवरच्या ग्रामसभांनी) बॉक्साइट खाण नाकारली, ती याच बळावर. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी या संमतीची तपासणी केंद्राकडून काढून राज्यावर सोपवली आहे. म्हणून संमतीच्या आधीचा टप्पा, म्हणजे दाव्यांची मान्यता, आधीच पूर्ण झालेली असणं पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं झालंय.

भीमाकाठची

आमच्याकडच्या ओढ्यावरचा प्रस्ताव २४ मेगावॅटचा आहे. त्यालाही हे सगळं लागू होतं का?

जनसुनावणी_वही

ताई, नेमका अडचणीचा आकडा आहे. २५ मेगावॅटखालच्या जलविद्युत प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागत नाही, म्हणून परिणाम अहवाल नाही आणि जनसुनावणीही नाही. पण वनजमीन लागत असेल तर वन मंजुरी लागतेच, ती दोन टप्प्यांत मिळते, आणि वनहक्काची प्रक्रिया त्यातून सुटत नाही. केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावर वन मंजुरीचा अर्ज, नकाशे आणि अक्षांश-रेखांशाच्या फाइली सापडतात. त्या उतरवून आपल्या नकाशावर ठेवा. एकाच ओढ्यावर २४-२४ मेगावॅटचे दोन टप्पे दाखवले असतील आणि मधे एकच बोगदा असेल, तर तो एकच प्रकल्प आहे असं लेखी मांडा.

मंजुरी मिळाल्यावरची मुदत सगळ्यांनी वहीत लिहून ठेवा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील ३० दिवसांत करायचं. पुरेसं कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस, ९० नंतर एक दिवसही नाही. महाराष्ट्र, गोवा, गुजरातसाठी खंडपीठ पुण्यात आहे. भरपाई मागितली नसेल तर शुल्क एक हजार रुपये. अरुणाचलातल्या ७८० मेगावॅटच्या न्यामजांग छू प्रकल्पाची मंजुरी एप्रिल २०१६ मध्ये स्थगित झाली, ती अशाच अपिलावर. काळ्या मानेचे क्रौंच तिथे हिवाळ्याला उतरतात याचा अहवालात अभ्यासच नव्हता. मंजुरीपत्र संकेतस्थळावर कधी चढलं त्या पानाची तारखेसह छापील प्रत काढा, आणि कंपनीने सात दिवसांत दोन स्थानिक वर्तमानपत्रांत द्यायची जाहिरात कोणत्या तारखेला आली ते कात्रण चिकटवून ठेवा. मुदत मोजण्यावरून वाद झाला तर हे दोन कागद पहिल्याच सुनावणीत लागतात.

पाणाड्या_नाशिककर

ताई, तुमच्या ओढ्यावर पट्टी रंगवायची असेल तर पावसाच्या आधी रंगवा. पहिल्या पुराची खूण चुकली की वर्ष वाया जातं. शून्य खूण उन्हाळ्यातल्या सगळ्यात खालच्या पातळीच्याही अर्धा हात खाली घ्या, नाहीतर मे महिन्यात नोंद उणे येते आणि वहीत गोंधळ होतो.